वजाबाकीला मोजणी म्हणू नका



   

अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा शेतीच्या आकडेवारीवरील या परिषदेचा प्रघात आहे. माझ्या वाट्याला चहा, कॉफी आणि कोको यांच्या राष्ट्रीय पुरवठ्याची आकडेवारी आली आहे. चहाचा कारभार १९५३ च्या कायद्याखाली कोलकात्यातून चालतो, कॉफीचा १९४२ च्या कायद्याखाली बंगळुरूतून. कोकोकडे कोचीचे काजू व कोको विकास संचालनालय पाहते. चहाचे उत्पादन जानेवारी ते डिसेंबर असे मांडतात, कॉफीचे वर्ष ऑक्टोबरला सुरू होते आणि आयात-निर्यातीचे सरकारी वर्ष एप्रिलला. वर्षे अशी वेगवेगळी असली, तरी पुरवठ्याच्या तक्त्याचा साचा एकच. एका बाजूला आरंभीचा साठा, उत्पादन आणि आयात. दुसऱ्या बाजूला निर्यात, देशांतर्गत वापर आणि अखेरचा साठा. दोन्ही बाजूंच्या बेरजा दरवर्षी काटेकोर जुळतात.

आढावा मी इथेच थांबवतो. उरलेला मजकूर छापील प्रतीत येईल. या जुळणाऱ्या बेरजांबद्दल मला बरीच वर्षे बोलायचे होते आणि असे व्यासपीठ पुन्हा मिळेल, याची खात्री नाही.

या बेरजा जुळतात, कारण त्या जुळवलेल्या असतात. देशांतर्गत वापराची ओळ दरवर्षी कोणी मोजत नाही. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्याचा अंदाज धरायचा आणि जे उरेल त्याला वापर म्हणायचे. मग उत्पादन चुकले, साठा चुकला, निर्यातीतला गुणक चुकला, तरी प्रत्येक चूक गुपचूप त्या एका ओळीत जाऊन बसते. घरखर्चाच्या वहीत न लागणारा हिशेब 'किरकोळ' या नावाखाली टाकतात, तसेच हे. फरक इतकाच की, घरात त्या 'किरकोळ'वर कोणी प्रबंध लिहीत नाही.

प्रबंध म्हणालो, त्यामागे एक अनुभव आहे. कॉफीचा बाजार नुकताच मोकळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी ज्या कार्यालयात तक्ते करत होतो, तिथे एका वर्षी उत्पादनाचा अंदाज आणि प्रत्यक्ष गेलेली निर्यात यांचा मेळ बसेना. निर्यात झालेला माल अंदाजाच्या मानाने फार जास्त होता. मी तफावतीची स्वतंत्र ओळ करून तक्ता वर पाठवला. वरिष्ठांनी ती ओळ खोडली आणि म्हणाले, "तफावत कशाला दाखवायची? वापरातून कमी कर." वापर कमी झाला, तक्ता जुळला, छापला गेला. पुढच्या वर्षभरात मी परिसंवादांतून ऐकत होतो की, दक्षिणेतली तरुण पिढी कॉफी सोडते आहे. त्यावर आलेख दाखवले गेले, कारणेही सांगितली गेली. माणसे पूर्वीइतकीच कॉफी पीत होती. घटली होती ती आमची वजाबाकी.

चहाचा हिशेब मोठा आहे, म्हणून तिथे ही गोष्ट लवकर ध्यानात येते. २०२३ मध्ये देशात सुमारे १३९ कोटी किलो चहा झाला आणि सुमारे २३ कोटी किलो बाहेर गेला. बाकीचे ११६ कोटी किलो आपण प्यालो, असे धरले जाते. आता त्या उत्पादनात निम्म्याहून अधिक पान छोट्या बागायतदारांचे आहे. ते एजंटांच्या हातून पान विकत घेऊन चहा करणाऱ्या बॉट लीफ फॅक्टऱ्यांत पोचते आणि साधारण साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो तयार चहा होतो. पावसाळी पानाचा उतारा वेगळा, दुसऱ्या बहराचा वेगळा. या साखळीत कुठेतरी एक टक्का चूक झाली, तर ती १ कोटी ३९ लाख किलोंची होते. अख्ख्या दार्जिलिंगचे वर्षाचे पीक त्याच्या निम्मेही भरत नाही. एवढा चहा आपल्या तक्त्यात कपात ओतला जातो किंवा कपातून काढून घेतला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॉफीकडे पुन्हा येतो, कारण तिथे मी सगळ्यात जास्त काळ काढला. 'पूल'ची पद्धत होती, तेव्हा बागायतदाराला आपले सगळे बी कॉफी मंडळाकडे द्यावे लागे. क्युअरिंग वर्क्समध्ये पोत्यापोत्याची नोंद होई. त्या काळचा उत्पादनाचा आकडा वजनकाट्यावरून आलेला असे. १९९२ पासून ती पद्धत सैल होत गेली आणि १९९६ पर्यंत बाजार पूर्ण मोकळा झाला. पूल परत आणा, असे म्हणणारे मित्र या सभागृहात आहेत. त्यांना मी सांगतो, पुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने येत आणि त्यांची वाट पाहत मुलीचे लग्न पुढे ढकलणारे बागायतदार मी कोडगूत पाहिले आहेत. आकडा नीट मिळावा म्हणून माणसांना पुन्हा त्या रांगेत उभे करणे मला मान्य नाही. पण काटा गेल्यावर त्याच्या जागी काय आले, हे विचारायला हवे होते. ते आपण विचारले नाही.

आले ते अंदाज. मार्च-एप्रिलचा ब्लॉसम शॉवर पडला, फुले धरली की बहरानंतरचा अंदाज. पावसाळा संपला की दुसरा. हे अंदाज करणारे कर्मचारी मेहनती असतात, मी त्यांच्याबरोबर हिंडलो आहे. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगर खचले, वायनाडमध्ये पाणी भरले. तशा पावसात देठापासून गळलेली फळे बहराच्या अंदाजातून कशी वजा करायची?

आणि फळ हाती आल्यावरही बी किती निघेल, हे पुन्हा वेगळे. बाजारातला व्यापारी सुकी रोबस्टा चेरी पन्नास किलोंच्या पोत्यावर घेतो, पण भाव ठरवतो ओटीवर. पोत्यातला मूठभर नमुना सोलायचा, वजन करायचे आणि पन्नास किलोंतून साफ बी किती निघेल ते सांगायचे. एका सकाळी कुशालनगरजवळच्या गोदामात मी हे पाहत बसलो होतो. एकाच खोऱ्यातून आलेली पोती. एकाची ओटी सव्वीस, दुसऱ्याची अठ्ठावीस, ओलसर राहिलेल्याची त्याहून खाली. त्या व्यापाऱ्याला आपल्या पैशासाठी प्रत्येक पोत्याची ओटी ठाऊक होती. आमच्या तक्त्यात त्या वर्षी सबंध जिल्ह्याला एकच गुणक होता.

आपल्या पत्रिकेत गेली काही वर्षे वाद चालू आहे की, मळ्यांच्या पिकांसाठी उपग्रह वापरावा की नमुना पाहणी. दोन्ही बाजूंचे लेख मी वाचले. वायनाडमध्ये एका बाईंच्या दोन एकरांत मी वारंवार जात असे; सगळे त्यांना चेची म्हणत. वर सिल्व्हर ओक आणि फणस, त्यावर चढलेले मिरे, मध्ये सुपारी आणि या सगळ्यांच्या सावलीत कॉफी. वरून पाहणाऱ्याला झाडांचे शेंडे दिसतात. त्याखाली कोणते झुडूप आहे आणि त्याला फळ किती, हे सांगणे अवघड. पण पाहणीवाल्या मित्रांनीही खूश होऊ नये. चेचींना मी विचारले, यंदा किती पोती झाली? त्यांनी माळ्याकडे बोट दाखवले. शाळेची फी आली की एक पोते विकायचे, औषधपाणी निघाले की दुसरे. काही पोती मागल्या वर्षाची, काही यंदाची. ही पोती उत्पादनात मोजायची की साठ्यात? देशातल्या कॉफीच्या बागांपैकी बहुतेक अशाच लहान आहेत. भावाच्या चढउताराबरोबर त्यांचे माळे भरतात, रिकामे होतात आणि आपल्या तक्त्यात त्या हालचालीचे नाव होते 'वापर'.

पुढचा घोळ कारखान्यात. व्हिएतनाम, इंडोनेशिया, युगांडा इथून कच्चे बी येते, त्याची इन्स्टंट कॉफी होऊन परत बाहेर जाते. एक किलो इन्स्टंट म्हणजे २.६ किलो कच्चे बी, असा आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा गुणक आहे. कारखान्यागणिक उतारा वेगळा असला, तरी गुणक तोच. इथली चूक आयातीत दिसत नाही, निर्यातीत दिसत नाही. ती जाते आपल्या फिल्टरमध्ये. आणि फिल्टरच्या भुकटीत चिकोरी असते. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेले ४९ टक्के चिकोरी असू शकते. त्यामुळे दुकानातली भुकटी मोजूनही बी किती खपले, ते सरळ निघत नाही. घरोघरच्या खर्चाची राष्ट्रीय नमुना पाहणी चहाची पत्ती, कॉफीची भुकटी आणि बाहेर प्यालेले कप वेगळे विचारते. हे फार मोलाचे आहे. पण २०११-१२ नंतर तिचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थेट २०२२-२३ चे. मधली वर्षे आपण वजाबाकीवर काढली.

यात नुकसान कोणाचे, असे मला एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. २०२४ मध्ये उत्तर भारतातल्या चहाच्या मळ्यांना ३० नोव्हेंबरला पानतोडणी थांबवायला सांगण्यात आले. मागणीपेक्षा पुरवठा जास्त होऊ नये आणि निकस पान बाजारात येऊ नये, असा त्यामागचा विचार होता. दर्जाचा मुद्दा मी समजू शकतो. पण त्या वर्षी उन्हाच्या तडाख्याने आणि पुराने पीक आधीच घटले होते आणि मागणी किती, हे सांगणारा आकडा वजाबाकीतून आलेला. आसामातल्या दोन बिघ्यांच्या बागायतदाराचे डिसेंबरचे पान झुडपावर राहते, ते अशा आकड्याच्या भरवशावर. हे मला सहन होत नाही आणि आपल्यालाही होऊ नये.

कोकोचे जागतिक उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या आरंभी टनाला चार हजार डॉलरांच्या आसपास असलेला न्यूयॉर्कचा भाव डिसेंबरात बारा हजारांवर गेला. आंतरराष्ट्रीय कोको संघटना ढोबळ पिकातून वजनघटीसाठी एक टक्का काढते, दळणाचा आकडा वजा करते आणि तूट सांगते. २०२३-२४ ची तूट तिने फेब्रुवारीत ३ लाख ७४ हजार टन सांगितली, मे महिन्यात ४ लाख ३९ हजार. जगाचे पीक ४४ लाख टनांच्या आसपास. त्यात दीड टक्का इकडेतिकडे झाले की तूट एवढी हलते. पण त्यांनी दुरुस्ती तारखेसह जाहीर केली आणि वाचणाऱ्याला आकडा किती डळमळीत आहे ते कळले. आपल्याकडे सुपारी-नारळाच्या बागेत कोको लावणारा शेतकरी ओल्या बिया विकतो. तीन किलो ओलीतून सुमारे एक किलो सुकी बी निघते. तिथे तर अजून सुरुवातच करायची आहे.

चूक जाहीर करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात गहू-भाताच्या पीककापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याचा पाया दिला. लहान तुकडा कापला की उत्पन्न फुगते, हे त्यांनी दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी जाहीर वाद घालून दाखवले. चूक कोणत्या बाजूला झुकते, हे उघड मांडणे ही त्या पिढीची रीत होती. चहा-कॉफीचे मळे त्या पद्धतीबाहेर राहिले आणि ती रीतही तिथे पोचली नाही.

माझी मागणी मोठी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात 'विसंगती' अशी स्वतंत्र ओळ छापली जाते. आपल्या पुरवठा-तक्त्यातही छापा. वापर स्वतंत्र पाहणीतून आलेला असेल, तरच त्याला वापर म्हणा. नसेल, तर 'उरलेले' म्हणा. उताऱ्याचे आणि ओटीचे गुणक किती वर्षांपूर्वीचे आहेत, ते तळटिपेत द्या. शेतावरच्या साठ्याची पाहणी कशी करायची, यावर एक गट नेमावा असे मला वाटते. तपशील त्या गटाने ठरवावेत. चिकोरीचा आणि इन्स्टंटचा प्रश्नही त्यांनीच पाहावा.

तसा ठराव मी उद्या सकाळच्या सत्रात मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी तो जरूर करावा. मात्र येताना आपल्या खात्याचा ताजा तक्ता बरोबर आणावा आणि त्यातला वापराचा आकडा कोणी, कुठे आणि केव्हा मोजला, हे सभागृहाला सांगावे.