जवस कशासाठी, आणि कशाऐवजी नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वी रेडिओवरच मी जवसावर बोलले होते. भाषण बऱ्याच जणांना आवडलं. महिन्याभराने दर्यापूरच्या माझ्या मामांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, तुयं भाषण आयकलं. तवापासून रोज दोन चमचे जवस खाऊन राह्यलो. थ्या कोलेस्टेरॉलच्या गोया बंद करून टाकल्या."

मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, तर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते गोळी सुरू होण्याआधीच्या आकड्याजवळ जाऊन पोहोचलं होतं. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे काही विपरीत घडलं नाही, हे नशीब. मामांना मी दोष दिला नाही. जवस कशासाठी खावा हे मी सांगितलं होतं. तो कशाऐवजी खायचा नाही, हे सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

जवसाचं कौतुक मात्र मी मागे घेणार नाही. या बीमध्ये साधारण ४० टक्के तेल असतं आणि त्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ कुळातल्या अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. शाकाहारी घरात ओमेगा-३ इतक्या स्वस्तात देणारा दुसरा पदार्थ मिळणं कठीण. शिवाय भरपूर तंतू. आपल्या आज्या जवस तडतडेपर्यंत भाजून, लसूण, जिरं आणि लाल तिखट घालून खलबत्त्यात कुटत, ते अगदी बरोबर होतं. अख्खा दाणा गिळला तर त्याचं गुळगुळीत टरफल पोटात फुटत नाही, बी जशीच्या तशी बाहेर पडते. एक पथ्य मात्र हवं. जवसाचं तेल हवेने लवकर बदलतं. ते वाळून घट्ट होतं, म्हणूनच रंग आणि वार्निशात त्याचा उपयोग होतो. कुटलेली पूड त्याच कारणाने खवट होते. तेव्हा आठ-दहा दिवसांपुरतीच चटणी करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. वर्षाचं तिखट करतो तशी ही वर्षाची करायची नाही.

आता प्रमाणाचं बघू. २०१३ साली कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज ३० ग्रॅम जवसाची पूड पदार्थांतून दिली गेली. त्यांचा वरचा रक्तदाब जवस न खाणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी दहाच्या आसपास कमी आढळला. बातमी चांगली आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या रुग्णांनी आपली औषधं सोडलेली नव्हती. आणि आपण भाकरीबरोबर खातो ती चमचाभर चटणी पाच-सहा ग्रॅमची, तीसुद्धा मीठ घातलेली.

मामांची गोळी वेगळं काम करते. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करतं आणि ही गोळी त्या कारखान्याचा वेग कमी करते. जवसाचे किंवा ज्वारीचे तंतू आतड्यातून थोडंफार बाहेर नेतात, एवढंच. गोळी थांबली की काही आठवड्यांत कारखाना पुन्हा पूर्ववत चालू लागतो. मामांच्या तपासणीत तेच दिसलं.

मग लोक विचारतात, "ताई, जवसापेक्षा ओमेगाच्या कॅप्सूल चांगल्या नाहीत का?" माशाच्या तेलाबद्दल १९९९ साली इटलीतल्या मोठ्या अभ्यासाने खूप आशा दाखवली होती, ते खरं. पण २०१८ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये पंधरा हजारांवर मधुमेही, अमेरिकेत पंचवीस हजारांवर मध्यमवयीन आणि वृद्ध माणसं. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल पाच-सात वर्षं घेऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांच्या एकूण संख्येत ठोस फरक पडला नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर चिठ्ठीवर एक शुद्ध केलेलं औषध मोठ्या मात्रेत देतात, ती गोष्ट निराळी. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही असतो. ई जीवनसत्त्वाचं तर २००० सालीच स्पष्ट झालं की त्याने हृदयाचं रक्षण होत नाही. तरी औषधाच्या दुकानात त्या बाटल्या अजून समोरच्याच फळीवर दिसतात. असो.

या बाटल्यांवर जाणारे महिन्याचे पाच-सातशे रुपये डाळ, फळं आणि भाजीवर गेले तर मला आनंद होईल. आपल्या वऱ्हाडातलं रोजचं जेवण, म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, हे हृदयाला मानवणारंच आहे. बिघडतं ते वरच्या धारेने. गोळाभातावर ओतलेलं गरम तेल, रोडग्यांच्या पंगतीतली तर्री, सणाची सांबारवडी. पंगतीला जरूर जा, मीही जाते. पण घरात तेलाचा हिशेब ठेवा. माणशी महिन्याला साधारण पाऊण किलो, सगळं धरून. चौघांच्या घरात पाच-सहा किलो तेल संपत असेल, तर चमचाभर जवस ते भरून काढणार नाही.

मिठाचं आणखी अवघड आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, चटणी सगळं आलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला आपला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यातच सोडियमचे क्षार आहेत. असं पाणी पिणाऱ्यांनी रक्तदाब नियमित तपासून घ्यावा आणि ताटातल्या मिठाला आणखी आवर घालावा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. बऱ्याच जणांना ते चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

आणि विचारायला जाताना घरातलं सगळं पिशवीत घालून न्या. लसणाच्या गोळ्या, अर्जुनाच्या सालीचं चूर्ण, शेजाऱ्याने दिलेल्या कॅप्सूल, सगळं. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलं तर यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि विचारल्याशिवाय आपण ते डॉक्टरांना सांगत नाही. मामांच्या पिशवीतून त्या दिवशी तीन बाटल्या निघाल्या. तिसरी कुठून आली, हे मामींनाही ठाऊक नव्हतं. जवस मात्र डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितला. चटणीत मीठ नको म्हणाले. तेव्हापासून मामा दर रविवारी फोनवर चटणीच्या चवीची तक्रार करतात.