गुडघेबदल आणि भुलीची निवड

झिजलेला गुडघा बदलण्याचा निश्चय झाला, म्हणजे ‘भूल संपूर्ण देणार की पाठीतून?’ हा प्रश्न रुग्णाच्या मनाला वेदनेइतकाच व्यापून राहतो. 1846 साली बॉस्टन येथील ईथरच्या जाहीर प्रयोगाने प्रतिष्ठा पावलेल्या संपूर्ण भुलीत रुग्ण गाढ निद्रेत जातो आणि त्याच्या श्वासोच्छ्वासाची तजवीज बहुधा नळीवाटे करावी लागते. तर 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी शस्त्रक्रियेसाठी योजलेल्या पाठीतील भुलीत, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली, कण्यातील द्रवात बारीक सुईने औषध सोडताच काही मिनिटांत कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर होतो, आणि श्वास मात्र रुग्णाचा स्वतःचाच चालू राहतो. पहिलीनंतर मळमळ वा घशाची खवखव, दुसरीनंतर रक्तदाब उतरणे, लघवी अडणे वा क्वचित डोकेदुखी संभवते. शिवाय रक्त पातळ ठेवणारी काही औषधे चालू असल्यास दुसरी टाळावी लागते. म्हणून आपल्या आजारांची व औषधांची संपूर्ण कैफियत भूलतज्ज्ञांपुढे निःसंकोचपणे मांडावी. कारण हे दोन्ही मार्ग आज विश्वासार्ह असले, तरी त्यांतील निवड ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवरूनच ठरावी, हेच श्रेयस्कर.