दुसऱ्या हार्ड डिस्कवरील जुनी विंडोज काढून टाकणे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांस असे वाटले असेल की, हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. शिक्षकाने त्यात का पडावे? कारागिराने ते अवश्य करावे. परंतु त्या डिस्कवर काय आहे, हे कारागिरास ठाऊक नसते. ते आपणांस ठाऊक असते. जनरल रजिस्टरवरून तयार केलेल्या याद्या, शाळा सोडल्याचे दाखले, पोषण आहाराचे हिशेब, शिष्यवृत्ति परीक्षेसाठी मोठ्या कष्टाने टंकलिखित केलेल्या प्रश्नपत्रिका, हे सारे तेथेच असते. म्हणून हा विषय आपला आहे.

परिस्थिती सर्वांच्या परिचयाची आहे. लोकवर्गणीतून वा देणगीतून मिळालेला संगणक जुना झाला, मंद चालू लागला. मग कोणी सुचविले की त्यास एक नवी एसएसडी बसवावी. ती बसविली, तीवर नवी विंडोज घातली आणि जुनी हार्ड डिस्क, जागा मोठी म्हणून, तशीच दुसऱ्या क्रमांकाला राहू दिली. आता संगणक सुरू करताच पडद्यावर दोन नावे येतात आणि कोणती विंडोज हवी, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर न दिल्यास साधारणतः ३० सेकंद वाट पाहिली जाते. मुले गंमत म्हणून जुनी निवडतात. त्या जुन्या विंडोज ७ ला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. तिच्यावरून इंटरनेट वापरणे म्हणजे दाराला कडी न लावता निजणे होय. (विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.) शिवाय जुनी प्रणाली पंधरा-वीस जीबी जागा अडवून बसते ती वेगळीच.

तेव्हा ती काढावयाची हे ठरले. पुष्कळजण येथे घाई करतात. दुसऱ्या डिस्कवर उजवी कळ दाबतात, ‘फॉरमॅट’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दोन संकटांपैकी एखाद्यास तोंड देतात.

पहिले संकट कागदपत्रांचे. ‘डेस्कटॉप’ आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ या जागा विंडोजहून वेगळ्या आहेत, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या त्याच विभागात ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. विभाग पुसला की त्याही गेल्या. म्हणून प्रथम तो फोल्डर उघडून त्यातील प्रत्येक नावाखालचा मजकूर बाहेरच्या, तिसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावा. त्याच संगणकातील दुसऱ्या डिस्कवर केलेली प्रत पुरेशी नाही. फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आल्यास घाबरू नये; प्रशासक म्हणून प्रवेश केला असेल तर ‘कंटिन्यू’ म्हटल्यावर तो बहुधा उघडतो.

यातच एक गोष्ट अशी आहे की जी बाहेरच्या कारागिराच्या सहसा ध्यानात येत नाही. आपले कित्येक जुने कागद युनिकोडमध्ये नाहीत. ते शिवाजी, श्रीलिपी अथवा सी-डॅकच्या आयएसएममधील फाँटांत लिहिलेले आहेत. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठविलेली असतात. त्यांना मराठी रूप देतो तो केवळ फाँट. आणि तो फाँट राहतो जुन्या विंडोजच्याच पोटात, ‘फाँट्स’ या फोल्डरमध्ये. विंडोज गेली की फाँट गेला, आणि फाइल सुखरूप असूनही तिच्यात अर्थहीन अक्षरांचा ढीग तेवढा दिसतो. एका शाळेत दहा वर्षांच्या दाखल्यांच्या नमुन्यांची अशी गत झालेली मी पाहिली आहे. फाइली होत्या, वाचता येत नव्हत्या. यास्तव ते फाँट आधी वेगळे काढून नव्या विंडोजमध्ये बसवावेत, दोन-चार जुन्या फाइली उघडून पाहाव्यात, आणि मगच पुढे जावे. सवड मिळाल्यास महत्त्वाचे कागद युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत.

दुसरे संकट अधिक चमत्कारिक आहे. पुसली जुनी विंडोज, आणि बंद पडली नवी! याचे कारण असे. संगणक सुरू होताना प्रथम एक लहानसा आरंभक शोधतो आणि तो आरंभक विंडोजला हाक मारतो. नवी विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेलीच असेल, तर बहुधा नवा आरंभक लिहिला जात नाही. जुन्या डिस्कवरील आरंभकाच्याच यादीत नवे नाव चढविले जाते. नव्या इमारतीची किल्ली जुन्या इमारतीत खुंटीला टांगून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्या संगणकावर किल्ली कोठे आहे, हे ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहता येते. तेथे प्रत्येक विभागाखाली काही शब्द छापलेले असतात. ज्या विभागावर ‘बूट’ लिहिले आहे, त्यात चालू असलेली विंडोज असते; आणि ज्यावर ‘सिस्टीम’ लिहिले आहे, तेथे आरंभक असतो. नावे अगदी उलट वाटतात, आणि ती तशीच आहेत. लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. डिस्क शून्य व डिस्क एक या क्रमांकांवर मात्र विसंबू नये. ते तारा कोणत्या जागी जोडल्या आहेत यावर ठरतात. डिस्क ओळखावी ती तिच्या आकारावरून व आतील मजकुरावरून.

‘सिस्टीम’ हा शब्द नव्या डिस्कवर असल्यास काम सोपे झाले. तो जुन्या डिस्कवर असल्यास आरंभक प्रथम नव्या डिस्कवर आणावा लागतो. त्यासाठी विंडोजमध्येच ‘बीसीडीबूट’ नावाची आज्ञा आहे. जुन्या, बायोस पद्धतीच्या यंत्रात नवा विभाग ‘ॲक्टिव्ह’ करून ती द्यावी, आणि बायोसमध्ये नव्या डिस्कला पहिला क्रम द्यावा. नव्या, यूईएफआय पद्धतीच्या यंत्रात त्यासाठी स्वतंत्र छोटा विभाग लागतो. तेथे खुशाल कारागिरास बोलवावे, पण काय करावयाचे ते आपण सांगावे.

यानंतरची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र बंद करावे, विजेची तार भिंतीतून काढावी, पेटी उघडून जुन्या डिस्कची माहिती वाहणारी तार सोडवावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. नवी विंडोज एकटी उभी राहिली, तर आपण मोकळे झालो. न राहिल्यास तार पुन्हा जोडावी. काहीही गेलेले नसते. पुसण्यापूर्वी पाच मिनिटांत मिळणारी ही खात्री पुसल्यानंतर कोणत्याही किमतीस मिळत नाही.

पुढचे काम थोडके आहे. ‘एमएसकॉन्फिग’ मधील ‘बूट’ या पानावर जुन्या विंडोजची ओळ निवडून ती काढावी; जिच्यापुढे ‘करंट’ लिहिलेले आहे तिला हात लावू नये. एवढ्याने फक्त यादीतील नाव जाते, जागा मोकळी होत नाही. त्यासाठी डिस्क मॅनेजमेंटमधून तो जुना विभाग फॉरमॅट करावा. नुसते ‘विंडोज’ व ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर काढीत बसणारे परवानग्यांच्या जंजाळात दिवस घालवितात. ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन’ ही आज्ञा मात्र शाळेत कोणी वापरू नये. ती निवडलेल्या डिस्कवरचे सर्व विभाग, पुन्हा न विचारता, काढून टाकते.

दुसऱ्या डिस्कवर विंडोजऐवजी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असेल, तर विंडोजला तिचे विभाग वाचता येत नाहीत; ते निनावी दिसतात. रिकामे समजून ते पुसू नयेत. बायोस पद्धतीच्या यंत्रात आरंभ ‘ग्रब’ करीत असल्यास विंडोजचा आरंभक आधी दुरुस्त करून घ्यावा.

आणखी एक. ‘क्विक फॉरमॅट’ने मजकूर दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. डिस्क शाळेतच राहणार असेल तर एवढे पुरे. उलट, चुकून भलते पुसले गेल्यास त्या डिस्कवर काहीही न लिहिता ती तशीच ठेवली, तर मजकूर परत मिळण्याची आशा राहते. परंतु डिस्कचे निर्लेखन करून ती शाळेबाहेर जाणार असेल, तर ‘क्विक’वरील खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांची बँक खाती भंगारवाल्याच्या हाती जाता कामा नयेत. त्यास काही तास लागतात. यंत्र सायंकाळी लावून न ठेवता सकाळी लावावे, म्हणजे वीज गेल्यास कोणीतरी जवळ असेल. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नव्या एसएसडीची व जुन्या डिस्कची नोंद वेगवेगळी घ्यावी.

बाजूच्या खोलीत दोन संगणक उघडून ठेवले आहेत. एकात ‘सिस्टीम’ जुन्या डिस्कवर आहे, दुसऱ्यात नव्या. चहानंतर प्रत्येक शाळेतील एकाने ते ओळखून दाखवावे आणि तार स्वतःच्या हाताने सोडवून पाहावी.