न छापलेले छायाचित्र
(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



‘आपली मुले आणि परदेश’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा मला संकोच वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. परदेश पाहिला तो मालाच्या गाठींवरील शिक्क्यांतून. परंतु माझ्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यात वृत्तछायाचित्रण, म्हणजे बातमीसाठी छायाचित्रे काढण्याची विद्या, शिकत असताना २०१८ च्या उन्हाळ्यात दहा आठवडे नैरोबी येथील एका इंग्रजी वर्तमानपत्रात उमेदवारी करून आली. तिच्या त्या दिवसांतून मीच काही शिकलो. तेवढेच आज आपणापुढे ठेवतो.

तिने हा बेत सांगितला, तेव्हा घरात वादळ उठले. मुलीची जात, आफ्रिका खंड, आणि काम कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडण्याचे! “लंडन-अमेरिका सोडून केनिया कशाला?” असे मीही विचारले. ती शांतपणे म्हणाली, “अण्णा, तिथले लोक मला पहिल्या दिवसापासून बाहेर पाठवणार आहेत. मोठ्या देशांतल्या कचेरीत मी फायली लावत बसेन.” हा युक्तिवाद व्यापाऱ्याला पटणारा होता. दुकानात बसल्याशिवाय दुकान कळत नाही. शिवाय जामनगरच्या परिसरातून पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या ओसवाल जैन समाजातील एका कुटुंबाने तिला घरी ठेवून घेतले, तेव्हा माझ्या भावजयीची जेवणाची चिंताही मिटली.

नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे जून-जुलै हे तेथील थंडीचे महिने. आम्ही तिला दुकानातील उत्तम सुती कपडे बांधून दिले होते, आणि पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला की स्वेटर विकत घ्यावा लागला! तेथील स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, हिशेबाला ‘हेसाबू’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. ‘हबारी’ म्हणजे बातमी, आणि भेटल्यावर क्षेमकुशल विचारतात तेही ‘हबारी’ म्हणूनच. आपला ‘खबर’ हा शब्द आणि हा शब्द एकाच अरबी मुळातले. जिथे माणसाची विचारपूस आणि बातमी यांना एकच शब्द आहे, त्या गावी ती बातमीदारी शिकायला गेली होती. या योगायोगाचा अर्थ मला पुढे कळला.

त्या शहराला छायाचित्रकारांची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात आपल्या वंशाच्या माणसांचा वाटा आहे. प्रिया रामरखा हे १९३५ साली नैरोबीत जन्मलेले भारतीय वंशाचे छायाचित्रकार. ब्रिटिश राजवटीतील केनियाची आणि नंतर स्वतंत्र होत असलेल्या आफ्रिकेची त्यांनी छायाचित्रे काढली, ‘टाइम’ आणि ‘लाइफ’ यांसारख्या नियतकालिकांसाठी काम केले, आणि १९६८ साली नायजेरियातील बियाफ्राच्या युद्धात गोळीबारात सापडून वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ते मृत्युमुखी पडले. दुसरे मोहम्मद अमीन. ऑक्टोबर १९८४ मध्ये इथिओपियातील कोरेम येथील दुष्काळाचे त्यांनी केलेले चित्रण बीबीसीवरून प्रसारित झाले, तेव्हा जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. १९९१ साली अदिस अबाबा येथे दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांनी एक हात गमावला, तरी कृत्रिम हात लावून ते पुन्हा कामावर गेले. १९९६ साली अपहरण झालेल्या विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. ही नावे आमच्या मुलीने मला दूरध्वनीवर सांगितली. अशा माणसांच्या गावात आपण उमेदवारी करतो आहोत, याचे तिला भान होते.

कचेरीतील नियम थोडे, पण कडक होते. छायाचित्राखाली कोण, कुठे, केव्हा हे लिहिलेच पाहिजे. माणसाचे नाव त्यालाच विचारून, त्याच्यासमोर अक्षरे पडताळून लिहायचे. चौकटीतील वस्तू हलवायची नाही, आणि संगणकावर काही घालायचे वा पुसायचे नाही. ‘नॅशनल जिऑग्राफिक’सारख्या मान्यवर मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडवे छायाचित्र उभ्या पानात बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले होते. त्याचा बोल त्या मासिकाला पुढे अनेक वर्षे सोसावा लागला.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. गिकोम्बा हा नैरोबीतील जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार. लाकूड आणि पत्रे यांच्या टपऱ्या एकमेकींना चिकटून उभ्या. २८ जून २०१८ रोजी सूर्योदयापूर्वी तेथे आग लागली आणि लगतच्या वस्तीतही पसरली. १५ जणांचे प्राण गेले, अनेकजण जखमी झाले. सकाळी आमची मुलगी एका ज्येष्ठ छायाचित्रकाराबरोबर तेथे पोहोचली. धूर अजून निघत होता आणि टपरीवाले राखेतून उरलेसुरले शोधत होते.

त्या दिवशी तिने शेकडो छायाचित्रे काढली. त्यांतील एक विभागप्रमुखांना फार आवडले. जळक्या खांबाला लटकलेला अर्धवट जळालेला लहान मुलीचा फ्रॉक, आणि मागे राखेत बसलेली टपरीवाली बाई. ते पहिल्या पानासाठी निवडले गेले. पाठवण्यापूर्वी त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, “हा फ्रॉक तिथेच होता?” क्षणभर थांबून तिने सांगितले, “नाही. खाली राखेत पडला होता. मी उचलून खांबाला लावला.” छायाचित्र रद्द झाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुसऱ्या कोणाचे छायाचित्र छापून आले.

त्या रात्री तिचा दूरध्वनी आला. ती रडत होती. “अण्णा, फ्रॉक तिथलाच होता, राखही तिथलीच. मी फक्त दोन हात हलवला.” बंधू-भगिनींनो, मी तेव्हा काय म्हणालो, ते सांगताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, “अगं बाळ, मग सांगितलेस कशाला? कोणाला कळणार होते?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “त्या बाईला कळणार होते, अण्णा. मी फ्रॉक उचलला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत राहिला. मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो. एक शेतकरी बाई मुलीच्या लग्नासाठी कापड घ्यायला आली. कापड ताणून मोजले की दर मीटरला दोन बोटे वाचतात, ही विद्या मी शेजारच्या नोकरांकडून उचलली होती, आणि त्याप्रमाणे हात चालवला. वडील गादीवर बसले होते. गिऱ्हाइकासमोर ते एक अक्षर बोलले नाहीत. उठून तागा त्यांनी स्वतःच्या हाती घेतला, कापड सैल सोडून पुन्हा मोजले, वर चार बोटे जास्त घालून फाडले. बाई गेल्यावर एवढेच म्हणाले, “धुतल्यावर कापड बोलते.” ते वाक्य मी अनेकांना ऐकवले आहे. परंतु त्या रात्री फोनवर मला ते आठवले नव्हते. आठवण करून दिली ती वीस वर्षांच्या मुलीने.

पुढील आठवड्यात ती पुन्हा गिकोम्बात गेली. सुरुवातीचे काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहिला. त्या बाईची तिने क्षमा मागितली, नाव विचारले, आणि तिच्याजवळ बसून धंदा समजून घेतला. तो तिने मला कळवला, आणि आमचे बोलणे पुन्हा सुरळीत झाले ते कापडामुळेच! तेथे जुन्या कपड्यांना ‘मितुंबा’ म्हणतात, म्हणजे गाठी. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेले कपडे गाठी बांधून येतात. व्यापारी बंद गाठ विकत घेतो. आत चांगला माल निघेल की चिंध्या, हे पैसे मोजल्यावर कळते. आयात खुली झाल्यावर या स्वस्त मालापुढे केनियातील अनेक कापडगिरण्या टिकल्या नाहीत. पूर्व आफ्रिकेतील राष्ट्रांनी २०१६ साली ही आयात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले, तेव्हा अमेरिकेने व्यापारी सवलती काढून घेण्याचा धाक घातला. केनियाने माघार घेतली, रवांडा ठाम राहिला आणि २०१८ मध्ये कपड्यांच्या निर्यातीवरील सवलत गमावून बसला. मी गिरण्यांच्या बाजूने बोललो. ती म्हणाली, “बरोबर आहे, अण्णा. पण या बाईने पोरांच्या शाळेची फी याच गाठींवर भरली आहे.” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परतीच्या आधी तिचे एक छायाचित्र आतल्या पानात, दोन रकान्यांत छापून आले. ती बाई नव्या टपरीसाठी आणलेल्या लाकडाची फळी मोजते आहे, एवढेच. पाहताक्षणी काळजाला हात घालील असे त्यात काही नाही. परंतु खाली त्या बाईचे पूर्ण नाव आहे, तिनेच अक्षरे सांगून लिहवलेले. ते कात्रण मी चौकट करून दुकानात गादीच्या वर लावले आहे. गिऱ्हाईक विचारतात, “ही कोण?” मी सांगतो, “आमच्याच धंद्यातली आहे.”

मुले परदेशातून आली की आपण विचारतो, पगार किती, पदवी कोणती. तेही विचारावे. परंतु एकदा शेजारी बसवून, जे हातचे गेले त्याचीही चौकशी करावी. आमच्या मुलीचे पहिले पान गेले, आणि ते तिने स्वतः घालवले. त्या रात्री ती जे बोलली, ते मला वडिलांच्या त्या चार बोटांच्या कापडाइतकेच मोलाचे वाटते.