शाल राहू द्या, फाइल द्या



माझी ओळख करून देताना निवेदकांनी ‘अंधत्वावर मात करून’ हे शब्द पुन्हा पुन्हा वापरले. मी अंधत्वावर मात वगैरे काही केलेली नाही. ते सकाळी माझ्याबरोबर उठतं, चहा पितं, आज इथवर आलंही आहे. आमचं बरं चाललंय. माझं भांडण आहे ते मराठी प्रकाशनव्यवहाराशी, आणि संमेलनाध्यक्षाला मध्येच चिठ्ठी पाठवून थांबवायची पद्धत नसल्यामुळे ते आज सविस्तर भांडून घेणार आहे. चिठ्ठी पाठवलीत तरी मला वाचता येणार नाही.

सकाळी अंधशाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. सुरेख म्हटलं. पुढच्या रांगेत काहींचे डोळे पाणावले, असं मला सांगण्यात आलं. गाणं संपलं, मुलींच्या हातात बिस्किटांचे पुडे दिले आणि त्यांना गाडीत बसवून परत पाठवलं. शेजारच्या मंडपात ग्रंथप्रदर्शन आहे, तिकडे त्यांना कोणी नेलं नाही. नेऊन तरी काय करणार होतात? मी काल संध्याकाळी स्टॉल-स्टॉल फिरलो. ‘यातलं कुठलं पुस्तक मला वाचता येईल अशा स्वरूपात आहे?’ एवढंच विचारत होतो. बहुतेकांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. एकाने कॅलेंडर भेट दिलं.

कायद्याची बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘सहानुभूतीने विचार करू’ असं कोणी म्हणायला नको. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते ब्रेलमध्ये, ध्वनिरूपात किंवा संगणकाला वाचता येईल अशा मजकुरात आणायला लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्यावर नफा कमवायचा नाही आणि प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही, या अटी आहेत. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2014 मध्ये तो मंजूर करणारा जगातला पहिला देश होता भारत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर छापील मजकूरसुद्धा सुगम स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. आणि बँकेच्या केवायसीसाठी ‘कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा’ असा हुकूम ज्यांना सुटत होता, त्या अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्यांच्या आणि अंधांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला: डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

म्हणजे कायदा आमच्या बाजूने, करार आमच्या बाजूने, न्यायालय आमच्या बाजूने. मग पुस्तक अडलंय कुठे? ते अडलंय तुमच्या डीटीपीवाल्याच्या टेबलावर.

हे जरा नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथे आहे. मराठी पुस्तकं अजूनही मोठ्या प्रमाणावर पेजमेकर सॉफ्टवेअरच्या जमान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली जातात. पडद्यावर ‘आई’ दिसते, पण संगणकाच्या पोटात त्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं कोंबलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळस माणूस मुखवटा पाहतो, त्याचं काही बिघडत नाही. मजकूर बोलून दाखवणारा आमचा स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. मग कादंबरीचं पहिलं वाक्य कानावर येतं ते असं: ‘एस, डॉलर, कंस सुरू, एम, टक्के, वाय.’ जुन्या फॉन्टचं युनिकोड, म्हणजे पोटातही देवनागरीच असलेला मजकूर, करणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथे हमखास घसरते. ‘कर्म’चं ‘कमर्’ होतं, आणि ‘किती’ची पहिली वेलांटी ‘क’ला मागे टाकून आधीच दारात येऊन उभी राहते. तीनशे पानं असं ऐकून बघा. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे मीही खाल्ले. त्या अभिजात भाषेतली आजची कादंबरी माझ्या कानात ‘डॉलर, टक्के’ करते.

माझाच कवितासंग्रह घ्या. मी तो युनिकोडमध्ये टाइप करून दिला होता. प्रकाशकांनी तो त्यांच्या फॉन्टमध्ये घेतला, संपादकांनी हात फिरवला, काही कवितांचा क्रम बदलला, एके ठिकाणी ओळ कापली. पुस्तक आलं. कागदाचा वास छान होता. आत नेमकं काय छापलंय, हे मला भाचीकडून वाचून घ्यावं लागलं. फायनल फाइल मागितली, तर फोनवर उत्तर आलं, ‘सर, ती आम्ही बाहेर देत नाही.’ म्हणजे कवीच बाहेरचा!

फाइल का देत नाहीत? पायरसी होईल म्हणून. अहो, गाजलेलं पुस्तक बाजारात आलं की थोड्याच दिवसांत त्याच्या पानांचे फोटो मोबाइलवरून गावभर फिरतात. चोराला युनिकोड लागत नाही, त्याला फोटो पुरतो. त्या फोटोंनी ज्याचं काडीचंही काम होत नाही असा वाचक एकच, तो मी. तुमच्या कुलपाने चोर अडत नाही, वाचक तेवढा अडतो. 

दुसरं उत्तर तयारच असतं: ‘आता ऑडिओ बुक आहेत ना!’ आहेत, आणि मी आवडीने ऐकतो. पण कोणती आहेत? जी खपतात ती. समीक्षा, कोश, संशोधनग्रंथ, छोट्या गावातल्या कवीचा पहिला संग्रह यांच्यासाठी स्टुडिओ कोण भाड्याने घेणार? शिवाय मराठीत एम.ए. करणाऱ्या अंध मुलाला पान नंबर हवा, तळटीप हवी, शब्द ऱ्हस्व की दीर्घ ते हवं, ओळ कुठे तुटली ते हवं. कविता म्हणजे फक्त आवाज असता तर तुम्ही ती छापलीच नसती. आज तो मुलगा काय करतो? ‘रीडर’ शोधतो. रीडर म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारा माणूस. परीक्षेला लेखनिक शोधायचा आणि वर्षभर रीडर शोधायचा. रीडरची स्वतःची परीक्षा लागली की यांचा अभ्यास बंद.

अशा वेळी आम्हाला गुलाबराव महाराजांचा दाखला दिला जातो. विदर्भातले प्रज्ञाचक्षू, तान्हेपणीच दृष्टी गेली, उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य आणि ग्रंथ शंभराहून अधिक. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ते वाचत कसे होते, हेही सांगा ना! दुसरे वाचून दाखवत, ते ऐकत. ते सांगत, दुसरे लिहून घेत. महाराज गेले 1915 साली. त्यानंतर संगणक आला, युनिकोड आलं, मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए फुकट मिळू लागला, आणि आमचा विद्यार्थी अजून वाचून दाखवणाऱ्याच्या शोधात! महाराजांना शिष्य तरी होते. या पोराला होस्टेलमध्ये साधी खाटही मिळत नाही.

ब्रेलची गोष्ट थोडक्यात सांगतो. माझ्या बोटांखाली आत्ता ब्रेलचेच कागद आहेत आणि ब्रेल मला प्राणप्रिय आहे. पण एका कादंबरीची ब्रेलमध्ये चार-पाच जाडजूड बाडं होतात. ती छापायची तरी आधी शुद्ध मजकुराची फाइल लागते. ती नसेल तर कोणी तरी पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करत बसतं. जे तुमच्याकडे तयार आहे, ते.

सरकारलाही सोडत नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये जालावर आल्या, हे उत्तम काम झालं. मी रात्र-रात्र त्यात भटकतो. पण सरकारी खर्चाने निघालेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं ‘मोफत उपलब्ध’ आहेत ती स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात. स्कॅन म्हणजे फोटो. स्क्रीन रीडर तिथे एकच वाक्य म्हणतो: रिकामं पान. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग मोजले गेले, त्यात पाच लाखांहून अधिक दृष्टिदोष असलेले. पुस्तक हातात धरता न येणारे, अक्षरं डोळ्यांपुढे नाचणारे वेगळेच. यांच्यासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 मध्ये सुरू झालं. तिथे मराठी पुस्तकं वाढवायची तर ती आणणार कुठून?

उपाय मला विचारता? 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. कागदाचा गठ्ठा चार शहरांना जाऊ शकतो, तर एक युनिकोड फाइल एका ग्रंथालयाला जायला काय हरकत आहे? राज्य पुरस्कारासाठी पुस्तक पाठवताय? फाइल जोडा. शासकीय खरेदीच्या यादीत यायचंय? फाइल जोडा. सरकारने ही अट घातली की डीटीपीवाले आठवड्यात युनिकोड शिकतील. आज शिकत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही.

आणि लेखकमित्रांनो, तुम्ही खाली मान घालून बसू नका. मान खाली घातलीत हे मला दिसत नाही, पण शांततेवरून कळतं. कॉपीराइट तुमचा आहे. करारात एक ओळ घाला: अंतिम मजकुराची युनिकोड प्रत लेखकाला मिळेल आणि सुगम ग्रंथालयाला दिली जाईल. वंचितांच्या वेदनेवर तुम्ही दिवाळी अंक भरून लिहिता. ही ओळ लिहायला मानधन मिळत नाही एवढंच.

उद्या समारोपात ठराव वाचले जातील. ‘दिव्यांग बांधवांसाठी शासनाने भरीव तरतूद करावी’ असा एक ठराव त्यात आहे, मी मसुदा ऐकला. तो मागे घ्या. त्याच्या जागी हा मांडा: या संमेलनात स्टॉल लावणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने पुढच्या वर्षी येताना आपल्या किमान दहा पुस्तकांच्या फाइली सुगम ग्रंथालयात जमा केल्याची पावती दाखवावी, तरच स्टॉल मिळेल. कोणाकोणाचा हात वर होतो, ते मी शेजाऱ्याला विचारून लिहून ठेवीन.

दुपारच्या परिसंवादाचा विषय आहे ‘मराठी वाचक कुठे गेला?’ हजाराची आवृत्ती संपत नाही, असं रडगाणं तिथे होईलच. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि प्रश्नोत्तरांना पहिला हात माझा असेल. प्रकाशक मंडळींनी जेवून झाल्यावर गाडी काढू नये.