लिंबाच्या पानावरची विष्ठा

पुण्यात आमच्या तळमजल्यावरच्या घरापुढे चार खाटा मावतील एवढी जागा आहे. तिला आम्ही बाग म्हणतो. निवृत्तीनंतर तिचा कारभार माझ्याकडे आला. गुलाबाच्या कुंड्या रांगेत, खालची माती खरवडून लख्ख, आणि तण दिसलं की उपटायचं. त्यात सगळ्यांत चिवट एकदांडी.

एकदांडी तुम्ही पाहिलेली आहे. लहानपणी गुडघा फुटला की जिचा पाला चुरून लावायचे तीच. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. उघडा लांब दांडा, टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं आणि कडेला मोजक्या दुधी पाकळ्या. चित्रांच्या पुस्तकातली डेझी आपल्या मुलांना ओळखता येते, पण तिच्याच कुळातली ही दाराशी उभी असते ती कुणाच्या खिजगणतीत नाही. मूळची हीही इथली नव्हे, उष्ण अमेरिकेतली.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने मी व्हरांड्यात खुर्चीला खिळलो. सौ. पाणी घालायची, पण वाकून तण काढणं तिच्याच्यानं होईना. महिन्याभरात एकदांडी कुंड्यांच्या मधून सगळीकडे पसरली. मी रोज चरफडायचो.

मग सकाळी ऊन तापलं की फुलपाखरं यायला लागली. नखाएवढी निळी, पिवळीधमक, काळ्यावर पिवळे ठिपके असलेली मोठी. माझ्या गुलाबांवर एकही थांबेना. बसल्या बसल्या वाचलं तेव्हा उलगडा झाला. गुलाबात पराग भरपूर, पण फुलपाखराला हवा मध, तो तिथं जवळजवळ नसतोच. आणि एकदांडीचं फूल हे मुळात एक फूल नाही. मधला पिवळा गोल म्हणजे बारीक नळीसारख्या पुष्कळ फुलांचा गुच्छ. ती कडेकडून आत अशी उमलत जातात. फुलपाखरू त्यावर उभं राहतं, गुंडाळलेली सोंड उलगडतं आणि एकेका नळीत घालून पाहतं. पंगत मांडलेलीच असते म्हणा ना. मोठं फुलपाखरू बसलं की तो दांडा पार वाकतो, तरी ते जेवण सोडत नाही.

एके दिवशी ठिपकेवालं एक लिंबाच्या कुंडीकडे गेलं. कोवळ्या पानाला पाय लावायचं, उडायचं, पुन्हा लावायचं. पान आपल्या पिल्लांच्या कामाचं आहे का, हे मादी पायांनी चव घेऊन ठरवते. काही दिवसांनी सौ. म्हणाली, ‘‘अहो, पानावर पाखराची घाण पडलीय, पण ती चालतेय.’’

ती चालणारी विष्ठा मला चांगली ओळखीची होती. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि वास सोडते. लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं खाते म्हणून दरवर्षी मी ती चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात पहिल्यांदाच. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर वाढतात. कुणाकुणाला बुडवलं, आता काय सांगू?

२००८ च्या सुट्टीत नात सहा वर्षांची होती. तिला फुलपाखरं पाहायची होती म्हणून रिक्षा करून लांबच्या मोठ्या बागेत नेलं. तिथं हिरवळ होती, कारंजं होतं, फुलपाखरू काही धड दिसलं नाही. हिरमुसून परत आलो. त्याच संध्याकाळी मी लिंबावरच्या अळ्या काढल्या आणि डबा धरायला तीच उभी होती.

यावेळी अळ्यांना हात लावला नाही. एकीनं काडीला स्वतःभोवती धागा बांधून कोष केला. नवव्या सकाळी तो फुटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते तासभर काडीला लटकून होतं. मी नातीला फोन लावला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे आजोबा, तेव्हा आपण घरीच बघू शकलो असतो.’’

‘‘हो,’’ म्हटलं.

सोसायटीचा माळी अजून महिन्यातून एकदा विळा घेऊन येतो. भिंतीकडेचा हातभर पट्टा सोडायला मी त्याला कबूल करून घेतलंय. त्या वर्षी लिंबं मात्र चारच लागली, आणि लोणच्याची लिंबं बाजारातून आणावी लागली, हे सौ. अजून ऐकवते.