कर्ता कोठे गेला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘हायस्कुलातील इंग्रजी’ हा विषय दिला, तेव्हा पत्ता चुकला नाही ना, असे आम्ही त्यांना दोनदा विचारले. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या फाटकावरच्या नोटिसा वाचून आणि जुन्या बाजारात मिळालेल्या, ‘एस’च्या पुढची पाने फाटलेल्या एका शब्दकोशावर. चालक म्हणाले, “म्हणूनच तुम्हांला बोलावले.” तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगतो. पंडितांनी चुकभूल पोटात घालावी.

आधी एक कागद तुमच्यापुढे ठेवतो. एका कारखान्यात एका कामगाराचा हात यंत्रात सापडला. कारखाना कोणता, ते येथे सांगण्याचे कारण नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या घरी इंग्रजीत टाइप केलेला कागद आला आणि वरील मजकूर मान्य आहे, म्हणून खाली सही करावयाची होती. त्याचा मुलगा दहावीत होता आणि इंग्रजीत वर्गात पहिला. बापाने त्याला वाचावयास बसविले. त्यात एक वाक्य होते: ‘ड्यू केअर वॉज नॉट टेकन.’ मुलाने बिनचूक भाषांतर केले: “योग्य ती काळजी घेतली गेली नाही.” बापाला वाटले, चला, मालकाने चूक कबूल केली! त्याने आनंदाने सही केली. पुढे चौकशीत तेच वाक्य वाचले गेले, ते “कामगाराने काळजी घेतली नाही, आणि तसे त्याने लिहून दिले आहे” असे. अपघाताची भरपाई मिळाली, कारण त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यात नुसता निष्काळजीपणा भरपाईच्या आड येत नसे. नोकरी मात्र गेली. तो कागद सहीपूर्वी आमच्याही टेबलावर येऊन गेला होता. आम्ही आकडे तपासले, तारखा तपासल्या, आणि ते वाक्य तसेच जाऊ दिले.

मुलाचे भाषांतर चुकले होते काय? मुळीच नाही. गुरुजींनी पूर्ण गुण दिले असते.

तुम्ही सर्वांनी ‘ॲक्टिव्ह’चे ‘पॅसिव्ह’ केले आहे. ‘राम किल्ड रावण’ याचे ‘रावण वॉज किल्ड बाय राम.’ कर्म पुढे आणावे, क्रियापद बदलावे, कर्त्याला ‘बाय’ लावून शेपटीला बांधावे, त्रैराशिकासारखा हिशेब! पण ही उलटापालट माणूस करतो कशासाठी, आणि खऱ्या कागदांत ते ‘बाय’ बहुधा गाळलेले का असते, हे आम्हांला कोणत्याही गाइडात आढळले नाही. आपल्या मराठीचे पाहा. ‘रामाने रावण मारला’ हाही कर्मणी प्रयोगच, पण त्यात ‘ने’ लावून कर्ता दारात उभा असतो. ‘रावण मारला गेला’ ही जी रचना, तिला आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, आणि ती इंग्रजीच्या वळणाने आली असे सांगतात. म्हणजे कर्ता बेपत्ता करण्याची ही सोय आपण साहेबाकडून उसनी घेतली, आणि आता सरकारी मराठी तिच्यावाचून पाऊल टाकीत नाही. ‘निर्णय घेण्यात आला आहे.’ ‘कळविण्यात येते.’ कोण घेतो, कोण कळवितो, देव जाणे.

लिहिणारा कोण, तो कोणाला लिहितो, त्याच्याकडून काय करवून घेऊ पाहतो आणि त्यासाठी त्याने हेच शब्द का निवडले, ही तपासणी फार जुनी आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने बावीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी तिच्यावर ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाची स्थिती आणि प्रत्यक्ष युक्तिवाद, अशा तीन वाटांनी माणसाचे मन वळते, असे त्याने सांगितले. परदेशांत हायस्कुलांतून मुलांना हे शिकवितात. आपल्याकडे ‘वक्तृत्व’ म्हटले की स्पर्धा, ढाल आणि पाठ केलेले भाषण!

कोणी म्हणेल, याच वर्धा जिल्ह्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी मातृभाषेतून आणि हातांच्या कामातून शिक्षण सांगितले, सात वर्षांच्या त्या योजनेत इंग्रजीला जागाच ठेवली नाही. आणि तुम्ही येथे इंग्रजीचे पोवाडे गाता? पोवाडे आम्ही गात नाही. पोराला प्रथम मराठीत विचार करता यावा, हेच आमचेही मत. परंतु महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. दहा वर्षे शिकवावयाचेच आहे, तर कागद कोणत्या बाजूने बोलतो हे तरी कळू द्या.

आता वर्गात वाचावयाचे काय? दूर जाण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनला इंग्रजीत निवेदन दिले. आरंभीच ते सांगतात की, शिक्षणाबाबतचा आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालची खेडी एवढ्यापुरता आहे. केवढी ही मर्यादा! पण ती आपण होऊन सांगितल्यामुळे पुढचा प्रत्येक शब्द खरा वाटू लागतो. सही करताना पदवी नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, एवढेच. ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांच्यातलाच हा एक आहे, हे त्या सहीतच आले.

दुसरा कागद आमच्या धंद्यातला आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या पाच: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा जायबंदी झाल्यास निर्वाहाची सोय. शिवी एकही नाही. पण प्रत्येक मागणी उलटी करून वाचा! पंधरा तारखेच्या आत पगार द्या, याचा अर्थ तो पंधरानंतरही मिळत असे. अर्धा तास द्या, म्हणजे तेवढाही हक्काचा नव्हता. मालकाला जुलमी न म्हणता अख्खी गिरणी कमिशनपुढे उभी केली आहे. काम थांबण्याची वेळ घड्याळाने न सांगता सूर्याने सांगितली, हेही आम्हांला फार शहाणपणाचे वाटते. फाटकावरचे घड्याळ मालकाचे असते, आणि सूर्याचा काटा कोणत्याही मुकादमाला मागे सारता येत नाही. आणि रविवार? तो आपल्या खंडोबाचा वार, आणि कमिशनवरच्या साहेबाच्या चर्चचाही. १० जून १८९० रोजी तो मिळाला. आज शाळेतली पोरे रविवारी क्रिकेट खेळतात. ती सुटी मागणारा अर्ज त्यांना कोणी वाचून दाखविला आहे काय?

युनियनच्या खोलीत आम्ही संध्याकाळी आठवी ते दहावीची काही मुले बसवितो. युक्ती साधी आहे. इंग्रजी नोटीस द्यावयाची, प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीची रेघ, आणि वर कर्त्याचे नाव. नाव सापडले नाही तर वर रिकामी चौकट. एक पान झाले की चौकटीच मोजावयाच्या. पहिल्या दिवशी पोरे हसली. चौथ्या दिवशी घरून विजेची बिले आणि कर्जाचे कागद घेऊन आली.

मग लिहिणे. परीक्षेत संपादकाला पत्र असते, भाषण तयार करणे असते; पण ते पत्र कधी पोस्टात पडत नाही, म्हणून त्यात जीवही नसतो. आम्ही म्हटले, खरे पत्र लिहा आणि पाच रुपयांचे तिकीट आमच्याकडून घ्या. नववीतल्या एका मुलीने आपल्या वस्तीतल्या बंद दिव्याविषयी एका कचेरीला लिहावयाचे ठरविले. शिकवणीहून परतताना तिला त्याच अंधारातून यावे लागे. पहिल्या मसुद्यात ‘युवर ऑफिस इज स्लीपिंग’ असे होते. आम्ही ते खोडले नाही. एवढेच विचारले, “बाई, हे वाचून तो साहेब खुर्चीतून उठेल, की पत्र बाजूला ठेवील?” ती विचार करीत बसली. दुसऱ्या मसुद्यात झोप गेली आणि तारखा आल्या: दिवा कधी बंद पडला, तोंडी तक्रार कधी केली, त्या रस्त्याने संध्याकाळी सातनंतर किती मुली येतात. त्या तिने तीन दिवस कोपऱ्यावर उभे राहून मोजल्या होत्या. चार ठिकाणी व्याकरण चुकले होते. आम्ही दोनच दुरुस्त केले, उरलेल्या दोन ठिकाणी आमचीही खात्री नव्हती.

महिन्याभराने उत्तर आले. एकच ओळ होती: ‘द मॅटर हॅज बीन नोटेड.’ तिने पेन्सिल काढली, क्रियापदाखाली रेघ ओढली आणि वर चौकट काढली. मग कोणी न सांगता दुसरे पत्र लिहिले. त्यात नमस्कार वगळता एकच प्रश्न होता: नोंद कोणी घेतली, त्यांचे नाव कळावे. ते पत्र गेल्या सोमवारी टपालात पडले आहे.